दोनदा वजा झालेला मीटर

मित्रांनो, माझ्या अंगावरचा शेवटचा आकडा पन्नास आहे, पण मी एकोणपन्नास मीटरच लांब आहे. मी मोजणीची एक जुनी पोलादी टेप आहे. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण ही गोष्ट कचेरीत वेळेवर आणि मोठ्याने सांगितली गेली नाही, आणि त्यापायी एका बाईचे घर गेले. गुन्हा माझा एकटीचा नव्हता. पण त्यातला माझा वाटा मला ठाऊक आहे.

मी जन्मले तेव्हा पूर्ण होते. पोलादाची पातळ पट्टी, तिच्यावर पांढरा रंग, काळे आकडे, आणि दर मीटरला एक लाल रेघ. कारखान्यात मला वीस अंश तापमानाला तपासले आणि मी बरोबर पन्नास मीटर भरले. पोलाद तापले की वाढते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. दहा अंश ऊन वाढले की माझी पूर्ण लांबी साधारण सहा मिलिमीटरने वाढते. एवढे मला स्वतःविषयी नेमके माहीत होते आणि त्याचा मला अभिमान होता.

मलावीच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ शहरात, नगरपालिकेच्या नियोजन विभागात माझी नेमणूक झाली. लुहांगा नावाच्या मोजणीदाराने मला पिवळ्या चौकटीत गुंडाळले आणि म्हटले, "चल, आता शहर मोजू." आम्ही बाजार मोजले, शाळांची मैदाने मोजली, कॉफीच्या मळ्यांच्या कडेला उठलेल्या नव्या वस्त्या मोजल्या. लोक शेतीची जागा राहण्यासाठी करून मागत, आणि नियोजन समिती हो किंवा नाही म्हणत असे. ते हो आणि नाही माझ्या अंगावरून वाचलेले असे. संध्याकाळी लुहांगा मला तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल, ही बोलणार नाही."

मग एके दिवशी मक्याच्या गोदामासमोर रस्ता मोजताना एक लॉरी माझ्या टोकावरून गेली. पहिल्या मीटरच्या रेघेच्या अलीकडे मी तुटले. लुहांगाने तुटकी कड कानशीने घासली आणि तिथे पितळेची कडी रिव्हेटने अशी बसवली, की कडीची बाहेरची बाजू बरोबर एक मीटरच्या रेघेवर यावी. काम इतके सुबक होते की मी लाजले. आता माझी सुरुवात शून्याऐवजी एकपासून होती. म्हणजे जे वाचाल त्यातून एक वजा केला की खरे अंतर.

नव्या टेपसाठी मागणीचा कागद गेला. त्याचे उत्तर आले नाही. दरम्यान कचेरीत एक पद्धत पडली. लुहांगा जागेवर जसे दिसेल तसे लिहून आणायचा आणि नकाशे काढणारा सिंगिनी टेबलापाशी बसून प्रत्येक आकड्यातून एक वजा करायचा. अकरा वर्षे हे बिनचूक चालले. कोणी पाहुणा आला की सिंगिनी मला दाखवून सांगे, "ही आमची लंगडी म्हातारी, पण चालते अशी की विचारू नका." सगळे हसत. मलाही बरे वाटे. माझे व्यंग हे माझे वैशिष्ट्य झाले होते. ते कुठेही लिहिलेले नव्हते, चौकटीवर नाही, वहीवर नाही. लिहायची गरज काय? सगळ्यांना माहीतच होते.

ऑगस्टअखेर लुहांगा निवृत्त झाला. चहा आणि मंदासी, म्हणजे तळलेले गोड गोळे, असा निरोपाचा बेत झाला, आणि त्याच्या जागी वेझी चावुला ही पंचवीस वर्षांची मुलगी आली. ती तंत्रनिकेतनातून मोजणी शिकून आली होती. तिने मला हातात घेतले, कडी बघितली आणि भुवया वर केल्या.

"आडाडा, हिचा पहिला मीटर कुठाय?" तिने विचारले. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आडाडा म्हणतात, बाईला आमामा.

"लॉरीखाली," लुहांगा म्हणाला. "बाकी ठणठणीत आहे. एकच लक्षात ठेव, पोरी. एक वजा करायला विसरायचं नाही. जीव गेला तरी विसरायचं नाही."

"नाही विसरणार."

तिला तेवढ्यावर समाधान झाले नाही. ती सिंगिनीच्या टेबलापाशी गेली. आता एक सांगायला हवे. सिंगिनीची बायको चावुला कुळातली, त्यामुळे वेझी नात्याने त्याची मेहुणी, 'आलामू' लागत होती, आणि तोही तिचा आलामू. आमच्याकडे आलामूशी सरळ बोलणे म्हणजे जवळजवळ अपमानच. तिची थट्टाच करायची असते.

"त्या एक मीटरचं काय करता तुम्ही लोक?" तिने विचारले.

"आलामू, माझ्या घरात बायको माझ्या ताटातला मासा वजा करते, इथे मी मीटर वजा करतो. तू कशाला काळजी करतेस? या कचेरीत वजाबाकी कोणी विसरत नाही."

"मी पण विसरणार नाही म्हणा."

"विसरलीस तर तुझ्या बहिणीला सांगीन."

ती हसली, तोही हसला. मित्रांनो, दोघेही खरे बोलले होते, आणि दोघांनीही एकमेकांचे बोलणे थट्टेवारी नेले. मी तिथेच टेबलावर पडून होते. माझे दोन्ही कान उघडे होते आणि तोंड मात्र पोलादाचे.

सप्टेंबरमध्ये वेझी मला घेऊन काफुता ओढ्याच्या काठी गेली. तिथे न्याहारावाची जागा होती. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या कुळाने हाक मारतात, म्हणून ही हारावांची लेक न्याहारावा. वय त्रेसष्ट. तीस वर्षे ती सरोवराकडून येणारी उसिपाची सुकी मासळी टोपलीत घेऊन बस थांब्यावर विकत होती, आणि त्याच कमाईतून तिने ओढा आणि रस्ता यांच्यामधला हा भाजीचा पट्टा घेतला होता. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. घर नवऱ्याच्या कुळाचे. पुतण्यांनी दुखवटा संपल्यावर अदबीने सांगितले होते, या वर्षीच्या नाताळपर्यंत राहा. त्यानंतर ते घर त्यांना हवे होते.

म्हणून तिने पट्टा निवासी करून मिळावा असा अर्ज दिला होता. दोन खोल्या बांधायच्या. एक तिची. दुसरी भाड्याने द्यायची, म्हणजे टोपली उचलवेनाशी झाली की त्यावर दिवस निघावेत. जूनपासून तिने एकटीने चिखल तुडवून सहा हजार विटा पाडल्या होत्या. पट्ट्याच्या कोपऱ्यात त्या कच्च्या विटांची भट्टी रचून तयार होती, फक्त पेटवायची राहिली होती.

"बाई, कडी मी धरते," ती म्हणाली आणि ओढ्याच्या काठावर गुडघे टेकून बसली. तिचा अंगठा माझ्या पितळेवर होता. मासळीच्या खारट पाण्याने चिरलेला, कोरडा अंगठा. तो जरासुद्धा हलला नाही.

नियम असा होता, की काठापासून तीस मीटर जागा ओढ्यासाठी मोकळी सोडायची आणि त्यापुढे घर-अंगणाला किमान नऊ मीटर हवेत. म्हणजे काठापासून रस्त्याच्या कडेपर्यंत एकोणचाळीस मीटर भरले तर समिती हो म्हणू शकत होती.

वेझीने मला ताणून धरले, झोळ काढला, थर्मामीटर बघितला, आणि उन्हाचे साडेतीन-चार मिलिमीटरसुद्धा हिशेबात घेतले. माझ्या अंगावर वाचले गेले चाळीस पूर्णांक बासष्ट. तिने एक वजा केला आणि वहीत लिहिले ३९.६२. ते खरे अंतर होते. इतके नेमके काम माझ्याकडून कोणी क्वचितच करून घेतले असेल.

"भरलं का, बाई?" न्याहारावाने विचारले.

आकडा अर्जदारासमोर मोठ्याने वाचायचा नाही, अशी कचेरीची रीत होती. पूर्वी त्यावरून जागेवर भांडणे झाली होती. "समिती कळवेल, आमामा," वेझी म्हणाली. पण बोलताना तिच्या चेहऱ्यावर हसू होते आणि म्हातारीने ते पाहिले.

वही सिंगिनीकडे गेली. त्याने चष्मा पुसला, ३९.६२ वाचले आणि अकरा वर्षांच्या सवयीने, अत्यंत काळजीपूर्वक, त्यातून एक वजा केला. नकाशावर आकडा आला ३८.६२.

वेझी विसरली नाही. सिंगिनी विसरला नाही. चूक विसरण्यामुळे होते असे तुम्हाला सांगितले जाते. ही चूक दोघांच्याही लक्षात राहिल्यामुळे झाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात समिती बसली. वेझी त्या दिवशी मलेरियाने अंथरुणात होती, म्हणून नकाशा सिंगिनीने मांडला. मी त्या खोलीत कपाटावर होते. न्याहारावा मागच्या बाकावर, अंगावर नवे चितेंजे गुंडाळून बसली होती. आमच्या बायका कमरेला गुंडाळतात ते हे छापील कापड, दोन मीटरचे.

"अडतीस मीटर बासष्ट," अध्यक्ष म्हणाले. "अडतीस सेंटिमीटर कमी पडतात."

"घर जरा मागे घेतलं तर?" एका सदस्याने विचारले.

"मागे रस्ता आहे. रस्ता कुठे मागे घेणार?"

न्याहारावा उभी राहिली. "साहेब, मी मोजलंय. या कापडाने. एकोणीस कापडं भरली आणि वर साडेतीन हात."

खोलीत हशा पिकला. "आई, कापड धुतलं की आटतं," अध्यक्ष समजावून म्हणाले.

"कोरं होतं. दुकानातनं आणलं तसंच मोजायला घेतलं."

"कापडवाल्याची काठी तर न धुताच आखूड असते," दुसरा सदस्य म्हणाला, आणि पुन्हा हसले सगळे. वाईट माणसे नव्हती ती. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती.

मित्रांनो, एकोणीस कापडे म्हणजे अडतीस मीटर. साडेतीन हात म्हणजे साधारण एक मीटर सत्तावन्न. बेरीज करून पाहा. तिच्या कापडाची चूक जेमतेम पाच सेंटिमीटरची होती. सरकारी नकाशाची चूक एका मीटरची होती. आणि तो मीटर माझा होता.

अर्ज चार मिनिटांत फेटाळला गेला. ज्यांना निर्णय मान्य नसेल त्यांनी तीस दिवसांत परवानाधारक मोजणीदाराचा दाखला आणावा, असे पत्रात होते. त्या दाखल्याला जेवढे पडते तेवढे तिच्या टोपलीत वर्षभरातही उरत नसे. पण खरे कारण ते नव्हते. तिने आकड्यावर विश्वास ठेवला. शेजारणीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "यंत्राने मोजलंय, बाई. आपल्या हातालाच काही कळत नसेल."

भट्टी तिने पेटवलीच नाही. जे घर उभे राहणार नाही त्याच्यासाठी लाकूड कोण जाळणार? नोव्हेंबरात पाऊस लागला. कच्ची वीट पाण्यात विरघळते. सहा हजार विटांचा तो ढीग आधी खचला, मग पसरला आणि ओढ्याच्या उतारावर नुसता लाल चिखल झाला. नाताळच्या आदल्या आठवड्यात न्याहारावा दोन पेट्या घेऊन भावाच्या गावी गेली. त्रेसष्टाव्या वर्षी माहेरी राहायला जाणे कसे असते, ते तुमच्या आज्यांना विचारा.

जानेवारीत वेझी दुसऱ्या एका जागेचा नकाशा तपासत होती. त्यात शाळेच्या मैदानाकडचे दोन दगडी खुंट होते. लुहांगाने स्वतः पुरलेले, एकमेकांपासून बरोबर चोवीस मीटरवर. नकाशावर लिहिले होते २३.०१.

"आलामू, हे तेवीस कुठून आलं?"

"तू चोवीस लिहिलंस, मी एक काढला. सकाळी चहात साखर कमी पडली काय तुझ्या?"

वेझी हसली नाही. "मी एक काढूनच चोवीस लिहिलं होतं."

सिंगिनीने पेन खाली ठेवले.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही?"

"अकरा वर्षं."

तिने वही उघडली. ऑगस्टनंतर आम्ही सहा जागा मोजल्या होत्या. पाच ठिकाणी एका मीटरने निर्णय बदलत नव्हता. सहाव्या पानावर तिचे बोट थांबले.

"ही ती मासळीवाली आई," ती म्हणाली.

सिंगिनीने दार लोटले. "हे बघ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मला निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे. फाइल बंद झालीय. म्हातारी गाव सोडून गेली. इथून पुढे नीट करू, मी कधीच वजा करणार नाही, शपथ घेतो. कोणी विचारणार नाहीये आपल्याला."

"तेच तर," वेझी म्हणाली. "तेव्हाही कोणी विचारलं नाही."

दुपारी सिंगिनीनेच अध्यक्षांच्या नावे कागद लिहायला घेतला, आणि पहिले वाक्य 'चूक माझी आहे' असे लिहिले. वेझीने 'माझी' खोडून 'आमची' केले. मी टेबलाच्या कोपऱ्यात होते. माझे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते, आणि यामुळे मला त्या क्षणी सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करते. ते सुटलेपण फार वेळ टिकले नाही.

अध्यक्ष रागावले. मग त्यांनी स्वतः आकडेमोड केली आणि फाइल पुन्हा उघडायला सांगितली. फेब्रुवारीच्या बैठकीत पट्टा निवासी झाला. कोणीही हसले नाही.

पत्र पोस्टाने गेले असते, पण वेझी ते घेऊन स्वतः भावाच्या गावी गेली. मला पिशवीत घालून नेले. न्याहारावा पडवीत बसली होती. तिच्या दोन्ही पेट्या अजून बांधलेल्याच होत्या. वेझीने सगळे सांगितले. मी कशी तुटले, कोण वजा करत होते, कोण दुसऱ्यांदा करत होते. काही लपवले नाही. मग मला बाहेर काढून तिच्या मांडीवर ठेवले.

म्हातारीने पितळेची कडी ओळखली. त्यावर अंगठा फिरवला.

"ही मी धरली होती," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं असतं की पहिला मीटर नाहीये, तर मी विचारलं असतं."

"हो, आमामा."

"मी अडाणी नाहीये. वजाबाकी येते मला. मासळी विकलीय."

"हो."

"भट्टी?"

वेझीने मान खाली घातली. "आम्ही येतो, आमामा. मी, सिंगिनी, आडाडा लुहांगा. दर शनिवारी. विटा आम्ही पाडून देतो."

न्याहारावाने अंगणातल्या कोंबड्यांकडे बघितले. "तुमच्या शनिवारांचं घर नको मला," ती म्हणाली. "त्यात झोप नाही लागायची मला. एक करा. मोजणी पुन्हा करा. माझ्यासमोर. आणि आकडा मोठ्याने वाचा."

एप्रिलअखेर पाऊस थांबला आणि मे महिन्यात आम्ही सगळे काफुताच्या काठी जमलो. लुहांगाही काठी टेकत आला होता. वाटेत तो वेझीला म्हणाला, "वजा करायचं हे मी सांगितलं. कोणी करायचं ते सांगितलं नाही. रोज रात्री तेवढंच आठवतं." न्याहारावाने पुन्हा कडी धरली.

"चाळीस पूर्णांक बासष्ट," वेझीने मोठ्याने वाचले. रस्त्यावरची माणसे थांबली.

"आता एक वजा कोण करणार?" न्याहारावाने विचारले.

वेझी म्हणाली, "मी." सिंगिनीने दोन्ही हात पाठीमागे बांधले, जणू ते आपण होऊन काही करतील अशी त्याला भीती होती.

"एकोणचाळीस पूर्णांक बासष्ट," वेझी म्हणाली. लुहांगाने खुंट ठोकला.

त्या हंगामात न्याहारावाने पुन्हा चिखल तुडवला. पण गुडघे आता सहा हजार विटांना तयार नव्हते. जेमतेम निम्म्या झाल्या, तेवढ्यात एकच खोली उभी राहिली. कौले चढली त्या दिवशी तिने पेट्या सोडल्या.

मला आता नव्या टेपने सुटी दिली आहे. माझ्या चौकटीवर लाल रंगात लिहिले आहे: 'पहिला मीटर नाही. एक फक्त मोजणाऱ्याने वजा करायचा.' रंगाचा तो डबा अकरा वर्षे कचेरीतल्याच कपाटात होता. मी नियोजन विभागाच्या खिडकीशी खिळ्यावर टांगलेली असते. वेझी नव्या मोजणीदारांना माझ्याजवळ आणते आणि माझी कडी त्यांच्या हातात देते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादी तुटकी वस्तू असेल. सगळ्यांना तिची सवय झाली असेल. ती चालवून घेण्याचे कौतुकही होत असेल, आणि तिला ते आवडत असेल, जसे मला आवडले. तिची काळजी घ्या. तिला दुरुस्त करा, आणि करता येत नसेल तर तिचे व्यंग तिच्याच अंगावर ठळक लिहा. सांभाळण्याचे काम दोघांनी वाटून घेतले असेल, तर कोणाच्या वाट्याला काय आले ते एकदा, थट्टा बाजूला ठेवून, मोठ्याने बोला. आणि एखादी म्हातारी कापडाने मोजून आली, तर हसण्याआधी बेरीज करून बघा.

रोज सकाळी सातला न्याहारावा या खिडकीखालून बस थांब्याकडे जाते. डोक्यावर उसिपाची टोपली असते. दुसरी खोली असती तर या वयात ती आता घरी बसली असती. चढावर ती दोनदा थांबते. मी मोजते.